हात खाली

सोमवार, १५ सप्टेंबर १९५२

भरला एकदाचा वर्ग! दवाखान्याच्या मागची खोली, दोन चटया, एक आरसा. मुलं चार येणार होती, आली तीन. तिन्ही जन्मापासून बहिरी. एकाच्या आजीने दारातच विचारलं, "बाई, ह्यो बोलंल ना?" मुंबईत आठ महिने ट्रेनिंग घेऊन आले, पण या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं ते कुणी शिकवलं नाही. "बघू," म्हटलं.

आम्ही तिघं. डॉ. चुरी कान तपासणार. नर्स रिटा घरोघर जाणार, मुलं शोधणार, आयांना समजावणार. शिकवायचं मी. डॉक्टर म्हणाले, "तिघांचं एकमेकांशी पटलं, तरच पोरांचं भलं होईल." पटेल की! न पटायला काय झालं?

गुरुवार, २५ सप्टेंबर

रिटाने पाचूबंदरच्या कोळीवाड्यात नवी मुलगी शोधली. बेटी. साडेचार वर्षांची. डॉक्टरांनी तिच्या पाठीमागे पितळी ताट बडवलं — अंगणातलं कुत्रं पळालं, ही मान वळवेना. आई लुईझा मासळी विकते. मायलेकी दोघी हातांनीच बोलतात, आणि काय भरभर! आजवर शिकवलं कुणी नाही, सगळं घरचं. कुठे दुखत असलं की बेटी चिमटीने घशातला काटा काढल्यासारखं करते आणि मग दुखरी जागा दाखवते. रिटाला कोण आनंद! वही काढून एकेक खूण लिहीत बसली. "द्वारकाताई, चौतीस झाल्या!"

मी म्हटलं, हे वाढवू नका. मुंबईच्या मोठ्या बाई रोज सांगायच्या — हात बोलायला लागले की जीभ आळशी होते.

शनिवार, ४ ऑक्टोबर

आठवड्याची बैठक. भांडण झालं.

रिटाने वही मला दिली. म्हणाली, "वाचा तरी. आईशी पोरीने बोलायचं कसं मग?"
"तोंडाने."
"ते यायला दोन वर्षं जातील. तोवर?"

मला राग आला. म्हटलं, "तुम्ही नर्स आहात. शिकवणं माझ्याकडे आहे ना?" डॉक्टर चहा ढवळत राहिले. शेवटी म्हणाले, "ट्रेनिंग यांचं झालंय, रिटाबाई. या म्हणतील तसं." जिंकले. बरं मात्र वाटलं नाही.

वही घरी आणली. वाचली सगळी.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

बेटीने "म" काढला! माझ्या गळ्यावर हात ठेवून, ओठ मिटून. मग स्वतःच्या गळ्याला हात लावून बघितलं, आणि हसली. मोठ्याने, चिरक्या आवाजात. आपलं हसू कसं ऐकू येतं ते तिला ठाऊक नाही. बाकीची तिन्ही मुलं बघत राहिली. जाताना माझ्या पदरात तोंड खुपसलं. पदराला अजून सुक्या मासळीचा वास आहे.

गुरुवार, ३० ऑक्टोबर

मुंबईहून पत्र. मोठ्या बाई १० डिसेंबरला वर्ग बघायला येणार. वर्ग चालू ठेवायचा की बंद, तेव्हा ठरणार. खुणा करताना एक मूल जरी दिसलं तर संपलं.

उद्यापासून नियम — वर्गात हात मांडीखाली. माझी खूण एकच : हात खाली.

सोमवार, १७ नोव्हेंबर

लुईझा मासळीची पाटी घेऊन दारात उभी. "बाई, घरी पन हात नको म्हनता. दोन दिवस मी पदरात हात बांदून बसले. ती रडली, मी पन रडले. तिला पानी पायजे का भूक लागली, मला कलायचं कसं?"

म्हटलं, आत्ता कठोर झालात तर पुढे सुख आहे. ती मान हलवून गेली. रिटा औषधाच्या खोलीतून ऐकत होती. हल्ली बोलतच नाही.

सोमवार, १ डिसेंबर

आज बेटी अस्वस्थ. हात जागेवर राहीनात. तीनदा मांडीखाली घातले, तीनदा बाहेर. शेवटी तिचे दोन्ही हात माझ्या एका हातात घट्ट धरले आणि दुसऱ्याने ओठांपुढे कागदाची पट्टी धरली. बराच वेळ नुसती बघत राहिली. मग — "पा"! स्वच्छ! पट्टी हलली! डॉक्टरांना धावत जाऊन सांगितलं. दहा तारखेला हेच दाखवायचं.

बुधवार, ३ डिसेंबर

बेटी काल नाही, आज नाही. रिटा अर्नाळ्याला लस टोचायला गेली आहे, नाहीतर घरी जाऊन आली असती. डॉक्टरही पहाटेच कुठेतरी गेलेत. उद्या मीच जाईन.

गुरुवार, ४ डिसेंबर

बेटी गेली.

काल पहाटे लुईझाने तिला खांद्यावर टाकून आणलं. पोट फळीसारखं कडक. डॉक्टर तिला बर्फाच्या ट्रकमध्ये घालून मुंबईला न्यायला निघाले, वाटेतच संपलं. रात्री उशिरा परत आले. आज सकाळी म्हणाले, "आतडं फुटलं होतं. सोमवारी कळतं तर वाचली असती."

शुक्रवार, ५ डिसेंबर

दफनाला गेले. पेटी इतकी लहान की एकट्या बापाने उचलली. लुईझाला सहावा महिना, दोन बाया तिला धरून चालत होत्या. मला बघून तिने माझे हात धरले. म्हणाली, "सोमवारी सांजच्याला तिला ताप आला. मी इचारलं, काटा कुठं? तर तिनं हात मांडीखाली घातले, बाई. तुमी शिकवलं तसं. शानी पोर होती."

शानी पोर होती!

परतताना रिटाने विचारलं, "सोमवारी वर्गात काही जाणवलं का हो?"
मी म्हटलं, "नाही."

बुधवार, १० डिसेंबर

मोठ्या बाई आल्या. तिन्ही मुलं हात मांडीखाली घालून ओळीत बसली. "प", "ब", "म" झालं. बाई खूश. वर्ग चालू राहणार. मला म्हणाल्या, "शाबास, द्वारकाबाई."

शनिवार, १३ डिसेंबर

रिटाला सांगितलं. इथेही लिहिते, कारण या वहीतसुद्धा खोटं लिहिलं आहे.

बेटीचे हात सोमवारी उगीच बाहेर येत नव्हते. तिने चिमटीने काटा काढला आणि पोट दाखवलं. तीनदा. तिन्ही वेळा मला कळलं. पहिल्याच वेळी कळलं. मनात आलं, खाल्लं असेल काहीतरी. आज खुणेला उत्तर दिलं तर तीन महिन्यांचं काम पाण्यात, आणि दहा तारीख तोंडावर. म्हणून हात धरले. "पा" म्हणाली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मी ते मेहनतीचं धरलं — नाही, तसं धरायचं ठरवलं.

रिटा म्हणाली, "माझी वही वाचली होती तुम्ही?"
"सगळी."
"काटा पहिल्या पानावर आहे."
"हो."

ती उठली, चहाच्या कपबशा विसळल्या, पुसल्या, फळीवर मांडल्या. पाठमोरीच म्हणाली, "मीपण गप्प बसले, द्वारकाताई. महिनाभर. तेव्हा ओरडायला हवं होतं." मग वळली. "पण लुईझाला तुम्हीच सांगायचं. मी सांगणार नाही."

सोमवार, ५ जानेवारी १९५३

मुलांना हात मोकळे ठेवायला सांगितलं. ती माझ्याकडे बघत बसली. हात कुणीच काढले नाहीत.

सोमवार, २ मार्च

लुईझाला मुलगी झाली. बाळंतपण रिटाने केलं. मी गेले, साखर ठेवली, आले. सांगणं झालं नाही. आज तरी कसं सांगायचं?

रविवार, १७ मे

आज लुईझाच्या घरापर्यंत जाऊन परत फिरले. सातव्यांदा.

गुरुवार, २० ऑगस्ट

लुईझा बाळाला घेऊन दवाखान्यात आली. साडेपाच महिन्यांची सालोमी. डॉक्टरांनी कानामागे घंटी वाजवली, खुळखुळा वाजवला. पोरगी छताकडे बघत मूठ चोखत राहिली. डॉक्टरांनी खुळखुळा टेबलावर ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

लुईझा रडली नाही. बाळ सरळ माझ्या मांडीवर ठेवलं. "ही पन तशीच हाय, मला दोन महिने झाले कललंय. बेटीला उशीर झाला. हिला आतापासून घ्या, बाई. तुमच्यावर माजा भरवसा हाय."

मांडीवर ते ऊबदार ओझं. आता गप्प राहिले असते तर जन्मभर गप्प राहिले असते. सांगितलं. काटा, पोट, तीनदा, धरलेले हात — सगळं. डॉक्टरांनाही आजच कळलं.

लुईझाने विचारलं, "तुमाला कललं होतं?"
"हो."

तिने बाळ उचललं आणि गेली. रिटा तिच्या मागे धावली.

शुक्रवार, २१ ऑगस्ट

लुईझा आली. बाळ रिटाच्या मांडीवर दिलं, माझ्याकडे दिलं नाही. मग माझ्यासमोर चटईवर बसली. माझे मांडीखाली गेलेले हात बघून म्हणाली —

"हात काडा, बाई. दूद म्हंजे आसं."