अर्धी महिरप

बांतुल, ४ जून

ती. म्बाक लास्त्री हिस,
दुरूनच सलाम, वि. वि.

इकडे सगळे खुशाल, मी सोडून. गेल्या वर्षीच्या भूकंपात भिंतीखाली निम्मा दिवस काढल्यापासून मी हसले नव्हते, म्हणून आपल्या इबूने नवस बोलला होता की लेक हसली की बोकड. मागच्या महिन्यात शेजारचे पाक वार्सो सायकलसकट गटारात गेले आणि मला हसू फुटलं. झालं! दुसऱ्याच दिवशी बोकड कापला, अख्ख्या गल्लीला पिवळा भात वाढला आणि लेक बरी झाल्याचं इबूने जाहीर करून टाकलं.

परवा कारमीच्या लग्नात तिच्या कपाळावर काळी महिरप रेखत होते. उजवी बाजू झाली आणि रस्त्यावरून वाळूचा ट्रक गेला. जमीन हादरली. मी कुंचल्यासकट खिडकीतून बाहेर! मी पळाले म्हणून नवरी पळाली, नवरी पळाली म्हणून नवरा, आणि आचारी तर रश्शाचं पातेलं उचलून. सगळं वऱ्हाड उसाच्या शेतात उभं राहून त्या ट्रककडे बघत होतं. उरलेली महिरप कारमीच्या मावशीने काढली. ती बाजू म्हणे मिशीसारखी दिसत होती.

तेव्हापासून मी अंथरुणात. झोप नाही, जेवण नको, पुन्हा पहिल्यासारखं. इबू विचारते की आता लोकांना काय सांगू, बोकड तर खाऊन झाला. मला फार लाज वाटते गं. रंगांची पेटी बसने तुझ्याकडे पाठवली आहे, विकून टाक. नवऱ्या सजवणं आता माझ्याच्याने होणार नाही.

लोभ आहेच, या भित्रीवर तो थोडा जास्त असावा.
तुझी धाकटी बहीण, वेनिंग

सेमारांग, ९ जून

चि. वेनिंग हिस अनेक आशीर्वाद.

पेटी आली, आणि ज्या बसने आली त्याच बसने परत पाठवली. ड्रायव्हर विचारत होता, ही हवापालटाला निघाली आहे का.

तुझं पत्र वाचून आधी हसले, मग रडले, तेवढ्यात भात करपला. अगं, भूकंपानंतर महिनाभर लहान धक्के बसतच होते. तेव्हा कुणी म्हणालं का, की आता घर बांधायला नको? शिव्या देत बाहेर पळायचो आणि पुन्हा विटा रचायला लागायचो. बोकडाचंही मनाला लावून घेऊ नकोस. मला बोलावलं नाही, याचा राग मात्र आहे.

एक खरं सांग. दवाखान्यातल्या गोळ्या चालू आहेत ना? त्यांच्याबद्दल तू एक अक्षर लिहिलं नाहीस, म्हणून जीव टांगणीला लागला आहे.

उलट टपाली उत्तर यावं, नाहीतर मीच येऊन थडकेन.
तुझी लास्त्री

बांतुल, २१ जून

ती. म्बाक हिस,
सलाम, आणि कान धरून वि. वि.

तू बरोबर ओळखलंस. गोळ्या इबूने बोकडाच्या दिवशीच तांदळाच्या डब्यात दडवल्या होत्या. नवस फेडल्यावर औषध घेणं म्हणजे अल्लावर अविश्वास, असं तिचं म्हणणं. मीही मान डोलावली, कारण बरी झाले हे ऐकायला मलाही गोड लागत होतं. दवाखान्यातल्या डॉक्टर बू एन्दाह यांनी दोघींना समोर बसवून झापलं. म्हणाल्या, हे दुखणं म्हणजे पाहुणा नव्हे, जेवू घातलं की उठून जायला. आता इबू रोज स्वतः गोळी हातावर ठेवते आणि गिळेपर्यंत माझ्या तोंडाकडे टक लावून बघते.

काल विनार्तीचं लग्न होतं. मी तिला आधीच सांगितलं की मी अजून बरी नाही, मध्येच उठून जाईन. ती म्हणाली, जा की, मी कुठे पळून चालले आहे! निम्मं काम झालं आणि काही कारण नसताना भीती वाटून मी कुंचला खाली ठेवला. बाहेर पेरूखाली जाऊन बसले, खूप रडले. कुणी मागे आलं नाही. थोड्या वेळाने आपणहून उठले, तोंड धुतलं आणि आत गेले.

विनार्ती डोळे मिटून तशीच बसून होती. तिने एवढंच विचारलं, की आता डावी बाजू ना? मी म्हटलं, हो, डावी.

आहे तो लोभ असाच राहू द्यावा.
तुझी वेनिंग