अर्ध्या दाढीची गोष्ट

३ जून
वाचनालयातल्या बाईंनी गोष्ट परत दिली! रविवारी सगळ्यांसमोर वाचायची आहे, आणि म्हणतात, "छान आहे, पण हे सांगतंय कोण?" कोण म्हणजे? मीच की! घरातली पहिली पदवीधर!

गोष्ट आमच्याच घरची. माझ्या प्रवेशाचा शेवटचा दिवस. पालकांची सही हवी म्हणून मी कॉलेजातून फोन केला, आणि बाबा गिऱ्हाइकाची अर्धी दाढी तशीच सोडून धावत आले. अंगात ॲप्रन, हाताला फेस! बाबा घरापुढच्या आमच्या दुकानात ही गोष्ट सारखी सांगतात. दर वेळी त्यांचा वेग वाढतो.

४ जून
बाबा स्वतः सांगताहेत असं लिहून पाहिलं. नुसती फुशारकी! मग सगळ्यांच्या मनातलं ओळखणारा निवेदक घेतला. त्याला आमच्या घरातलं काहीच कळेना.

५ जून
आईला म्हटलं, तू सांग. "मला कुठलं सांगता येतंय? ह्यांनाच विचार." टॉवेल झटकला आणि आत.

६ जून
सुचलं! खुर्चीतलं गिऱ्हाईक! म्हणजे आमचे घड्याळवाले काका. त्यांच्या दुकानात जाऊन गाठलंच. "काका, अर्ध्या दाढीनं घरी गेलात?"

"अर्ध्या? अगं, गुळगुळीत होऊन गेलो! उरलेली तुझ्या आईनं केली. काय हलका हात! म्हणाली, 'भावजी, हलू नका. आणि बोलू नका कुणाला.'"

मी गारच! बाबा दाराबाहेर पडले की गोष्टही त्यांच्यामागून पळायची. दुकानात मागे कोण उरलं, हे आम्हाला कधी सुचलंच नाही. मलासुद्धा — पदवीधर!

७ जून
आईला सांगितलं. लाजली. "दारातून बघून बघून शिकले गं." वाचू का? टॉवेलची घडी घातली, उलगडली, परत घातली. मग म्हणाली, "वाच. पण ह्यांचं हसं करू नकोस."

८ जून, रविवार
गोष्ट गिऱ्हाइकाच्या खुर्चीतून सांगितली. बाबा पहिल्या रांगेत मान डोलावत होते. गोष्टीतले बाबा धावत बाहेर गेले — आणि मी आत दुकानातच थांबले. त्यांची मान थांबली. मागून काका ओरडले, "अगदी खरं!" टाळ्या, हशा. बाबा हसले नाहीत. घरी येताना दहा पावलं पुढेच चालले.

९ जून
सकाळी दुकानात डोकावले. बाबा गिऱ्हाइकाच्या खुर्चीत, गळ्याला टॉवेल, तोंडभर फेस. वस्तरा आईच्या हातात.

"ह्या खुर्चीतून कसं दिसतं, बघू तरी," म्हणाले.