किल्ला उजव्या हाताला

हिकोने, ३ मार्च १९५६

चि. फुसाए हिस तोमे आजीचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र शेजारच्या कियोने वाचून दाखवलं, उत्तरही तीच लिहिते आहे. मला अक्षर येत नाही, तेव्हा चुका तिच्या आणि शहाणपण माझं. नवऱ्याबरोबर ब्राझीलला जायला कोबेची बोट धरणार, वाटेत बारा तारखेला दोन तास आमच्या गावी उतरणार, हे समजलं. चार वर्षांची होतीस तेव्हा तुला पाहिलं. आता चुकलीस तर मी काही तू परत येईपर्यंत टिकणारी नाही. म्हणून ये म्हणजे येच.

वाट सोपी आहे. स्टेशनातून खंदकापाशी ये, किल्ला उजव्या हाताला ठेव आणि चालत राहा. रंगाऱ्याच्या निळीचा वास आला की डावीकडच्या बोळात वळ, तिसरं दार. मी दारातच उभी असेन, हलणार नाही. पाट्या वाचत बसू नकोस. मी जन्मात वाचल्या नाहीत आणि कधी चुकले नाही.

जावईबापूंना माझा नमस्कार. भूक राखून ये.

तोमे

कोबे, १४ मार्च

ती. आजीस फुसाएचा सा. न. वि. वि.

आजी, मी आले होते गं. हे स्टेशनवर सामानाशी बसले आणि मी एकटीच निघाले. किल्ला उजवीकडेच ठेवला, तर पूर्ण फेरी होऊन जिथून निघाले त्याच खंदकावरच्या पुलाशी परत आले. मला सर्दी झाली होती, तोंडाला पट्टी बांधलेली. नाक बंद असताना निळीचा वास कुठून येणार, हे दुसऱ्या फेरीत सुचलं. मग दिसेल त्या बोळात शिरले. प्रत्येक बोळ भिंतीला जाऊन अडतो आणि भलतीकडे वळतो. एक तांदूळवाले म्हणाले, शत्रू चुकावा म्हणून तसे केलेत. मी म्हटलं, मी तर नात आहे. ते म्हणाले, ते बोळाला काय ठाऊक.

गाडीची वेळ झाली. बोट बावीसला सुटते, आता इथून हलता येत नाही. तू अजून दारात उभी आहेस असंच डोळ्यांपुढे येतं.

खंदकापलीकडे एक म्हातारी भेटली, डोक्याला निळं फडकं, एका बगळ्याला चांगली झापत होती. मला हसू आलं, मी वाकून नमस्कार केला, तिनेही केला. तिलाच विचारायचं, पण मध्ये पाणी होतं.

रागावू नकोस, माया असू दे.

तुझी फुसाए

हिकोने, १७ मार्च

चि. फुसाए हिस आशीर्वाद.

कियोने तुझं पत्र दोनदा वाचलं, तिसऱ्यांदा तिच्याने वाचवेना.

मी दारात नव्हते, पोरी. तासभर उभी राहिले, मग म्हटलं ही चुकली. पूल ओलांडून किल्ल्याच्या बाजूला गेले, तिथून सगळा रस्ता दिसतो. जांभळा कोट, तोंडाला पट्टी, अशी एक बाई पलीकडून वाकली. मनात म्हटलं, कुणाची का असेना, वळण चांगलं आहे, आईने शिकवलेलं दिसतं. तुझ्या आईला ते मीच शिकवलं होतं.

बगळ्याला काय बोलत होते ते ऐक. दिवसभर इथे उभा असतोस, माझी नात कुठून गेली तेवढं सांग, म्हणत होते. तो तुझ्याकडेच बघत होता. मी त्याच्याकडे.

तुझ्यासाठी केलेले गोड उंडे मी आणि कियोने खाल्ले. डोक्याचं फडकं पाकिटात घातलंय, रंगाऱ्याकडचंच आहे. सर्दी गेली की वास घे, म्हणजे कुठे वळायचं होतं ते कळेल.

लोभ बोटीवरही राहू दे.

तोमे