मेहुण्याच्या आकाराचं भोक

२ फेब्रुवारी, सकाळ

बावीस तारखेला बायको जाऊन वर्ष होईल. तिच्या शाळेतल्या बायका घरी येणार आहेत. समोरच्या खोलीत तिचा फोटो हवा, असं मुलीचं म्हणणं. माझंही तेच. फक्त मुलीने निवडलेला नको. तिने शाळेच्या ओळखपत्रावरचा निवडला आहे. त्यात कोणीही गुन्हेगारच दिसेल.

मी काढलेले फोटो कपाटभर आहेत. सगळे फोकसमध्ये, सगळ्यांतलं क्षितिज सरळ. ती मात्र एकाही फोटोत नीट आलेली नाही. दाढ काढायला बसल्यासारखा चेहरा. तिला फोटोसाठी उभं राहणं जमत नसे. सांगून सांगून दमलो.

एकच फोटो चांगला आहे. तिच्या भावाच्या स्वयंपाकघरात कोणीतरी मोबाईलवर काढलेला. त्यात ती हसते आहे, तोंड भरून. तसा फोटो टाकाऊच. तिरका. मागे फ्रिज. टेबलावर कुकर, त्याचं झाकण भलतीकडेच. आणि तिच्या शेजारी, खरं म्हणजे निम्मा तिच्या पुढ्यात, भोंगा.

भोंगा म्हणजे तो भाऊ. माझा मेहुणा. हे नाव मी आवाजावरून ठेवलं आहे, मनातल्या मनात.

निर्णय: भोंगा काढायचा. ती ठेवायची.

३ फेब्रुवारी

फ्रेमवाल्याकडे गेलो. फोटो बघून म्हणाला, साहेब, काही काळजी करू नका, बाईंचं फक्त डोकं घेतो, खाली दुसरं अंग लावतो, मागे निळं आकाश टाकतो. अंगांचे नमुनेही दाखवले. सगळी अंगं एकाच बाईची. गावातल्या निम्म्या गेलेल्या बायका त्या एकाच अंगावर भिंतीवर लटकत असणार. मी म्हणालो, तुम्ही फक्त फ्रेम करा. तो म्हणाला, जशी मर्जी. चेहऱ्यावर मात्र मर्जी नव्हती.

घरी आल्यावर मुलीने माझ्या लॅपटॉपवर फोटो एडिटिंगचं ॲप घालून दिलं. सांगायला लागली, बाबा, यात लेयर असतात, म्हणजे बघा, एकावर एक काचा ठेवल्यासारखं. मी तिला थांबवलं. नोकरीचा सगळा काळ मी ड्रॉइंग ऑफिसात काढला आहे. भिंती एका ट्रेसिंग पेपरवर, पाण्याचे पाइप दुसऱ्यावर, विजेच्या तारा तिसऱ्यावर, सगळे एकावर एक ठेवून पिना मारायच्या. लेयर म्हणे! हिच्या जन्माआधी मी लेयरवर जेवत होतो.

ती बरं म्हणून गेली. तिचं बरं आईसारखं आहे. वाद संपतो, पण आपण जिंकलो असं वाटत नाही.

५ फेब्रुवारी, दुपारी

एक शिकवणीचा व्हिडिओ पाहिला. बाई अखंड हसत होती आणि मला मित्रांनो म्हणत होती. अर्ध्यात बंद केला.

स्वतःच्या पद्धतीने सुरुवात केली. फ्रिजच्या कडेने अप्रतिम रेष मारली. ऑफिसात साहेबांनी सगळ्यांना बोलावून दाखवली असती. मग कळलं की रेष मारायची नव्हती, फ्रिज निवडायचा होता. आता फोटोत फ्रिजला लाल किनार आहे.

अनडू नावाची सोय आहे. आळशी लोकांसाठी केलेली. आज बऱ्याच वेळा वापरली.

८ फेब्रुवारी

उत्तम प्रगती. एकेक वस्तू उचलून वेगळ्या लेयरवर ठेवली. नावं ऑफिसच्या शिस्तीने: अ पडदा, आ फ्रिज, इ टेबल, ई कुकर, उ ती, ऊ भोंगा. प्रत्येक नावापुढे डोळ्याचं चिन्ह असतं. डोळा मिटला की ती वस्तू गायब. सध्या कुकर उघडमीट करून पाहतो आहे.

भोंग्याला कातरायला पूर्ण सकाळ गेली. पोटाला वळसा घालता घालता मनगट दुखून आलं.

तिच्या कडेने अजून हळू गेलो. झूम केल्यावर डाव्या मनगटावर इस्त्रीचा चटका दिसला. तो उजव्या हातावर आहे असं मी धरून चाललो होतो. फोटो उलटा छापला असेल म्हणून तपासलं. फ्रिजवरची अक्षरं सुलट आहेत.

त्या वेळी मी त्या स्वयंपाकघराच्या दारातच होतो, हे नोंदवून ठेवतो. ती हसते आहे ती माझ्याच एका वाक्यावर. वाक्य आता आठवत नाही. मार्मिक असणार.

९ फेब्रुवारी

सकाळी चहा घेऊन, चष्मा पुसून, भोंग्याचा डोळा मिटला.

भोंगा गेला. त्याच्या जागी भोक. हुबेहूब त्याच्या आकाराचं, पोटासकट, आत बुद्धिबळाच्या पटासारखे करडे चौकोन. पूर्वी नुसता भोंगा होता. आता पट्टेरी पडद्यासमोर चौकडीचा भोंगा उभा आहे. जास्तच उठून दिसतो.

तिची उजवी बाजू, म्हणजे बाही, कोपर, पंजा, काहीच नाही. मुलीला बोलावलं. म्हणालो, तुझं ॲप खराब आहे, हिचा हात गिळला. ती म्हणाली, बाबा, हात मामाच्या मागे होता ना, मग फोटोत तो आलाच नाही. मी शांतपणे समजावलं, की एखादी वस्तू मागे असली म्हणजे ती नसते असं नाही. भिंतीमागचा पाइप आपण तुटक रेषेने दाखवतो, पुढची भिंत काढली की पाइप असतोच. तिने पडद्यावरच्या भोकावर बोट ठेवलं. मग म्हणाली, बाबा, फोटोत मागचं काही नसतं. जे दिसतं तेवढंच असतं.

हिला आम्ही फी भरून शिकवलं.

कंपनीला तक्रार पाठवली. उत्तर आलं, तुमचं मत आमच्यासाठी मोलाचं आहे. यंत्राने लिहिलेलं, वाचताच कळतं.

११ फेब्रुवारी

भोक बुजवायचं बटण सापडलं. ॲप आजूबाजूचं बघून स्वतःच अंदाजाने भरतं. भोंग्याच्या जागी आधी दुसरा फ्रिज आला. पुन्हा दाबलं, तर तिला खांद्यातूनच एक कोपर फुटलं. पुन्हा दाबलं, कुकर. अंदाज बांधायला डोकं लागतं.

आणि तिचा डावा हात. तो भोंग्याच्या खांद्यावर होता. आता खांदा नाही, हात हवेत. पडायच्या आधी कशाला तरी धरावं तसा. मुलगी म्हणाली, हातही काढून टाका, नुसता चेहरा ठेवा. इरेझर घेतला. चटक्यापर्यंत गेलो.

मग जेवायची वेळ झाली. उद्या बघू.

१३ फेब्रुवारी

उद्या बघायला काही उरलं नाही. काल ॲप बंद करताना त्याने काहीतरी विचारलं. मी हो म्हटलं. सगळे लेयर एकमेकांत वितळून एकच सपाट फोटो झाला आहे, भोकासकट. इतक्या दिवसांच्या कामाची माती. मुलगी म्हणाली, साधा फोटो म्हणून सेव्ह केलात, न वाचता हो म्हणालात. मी उभ्या आयुष्यात न वाचता कशावर सही केलेली नाही. पण ही सही कुठे होती?

ती म्हणाली, मी करून देऊ का? नको म्हटलं. फोटो तिच्या आईचा आहे हे मान्य, पण काम माझं आहे.

मूळ फोटो घेऊन पुन्हा पहिल्यापासून. अ पडदा.

१५ फेब्रुवारी, सकाळ

सगळं परत कातरून झालं. भोंगा दुसऱ्यांदा कातरताना हात आपोआप वळतो. पोटाचा प्रत्येक उतार आता पाठ आहे. माझ्या स्वतःच्या पोटाचा नाही.

यावरून कल्पना सुचली, आणि साधीच आहे. त्या जागी मी. तिचा हात माझ्या खांद्यावर. जागा तशी माझीच.

माझा हसरा फोटो शोधला. नाही. कॅमेरा नेहमी माझ्याच हातात, त्यामुळे साहजिक. टायमर लावून भिंतीशी उभा राहिलो, हनुवटी खाली, चेहऱ्यावर बेताचं हसू. कातरून तिच्याशेजारी नेऊन ठेवला. मोजमापाला अचूक.

ती खदखदून हसते आहे आणि मी मीटर बघायला आलो आहे, असं दिसतं. मुलीने डोकावून विचारलं, बाबा, पोट दुखत होतं का? नजर नाही या पिढीला.

१७ फेब्रुवारी

भोंगा रविवारसाठी खुर्च्या घेऊन आला. जिन्यात होता तेव्हाच सगळ्या इमारतीला कळलं. मुलीने शहाणपणा करून त्याला लॅपटॉप दाखवला. पडद्यावर त्याचा डोळा मिटलेला. वाटलं, आता चिडेल, बरं होईल. तर तो इतका हसला की खिडकीची काच वाजली. म्हणाला, भावोजी, तीस वर्षं मला घालवायला बघताय, शेवटी बटण मिळालं!

मग त्याने विचारलं, ती एवढी कशाला हसतेय माहितीय का? मी म्हणालो, अर्थातच, माझ्या वाक्याला. तो गप्प झाला. हे त्याच्या बाबतीत क्वचित घडतं. मुलगी म्हणाली, मामा, सांग ना.

तो उठला. पोट आत घेतलं. हनुवटी छातीशी, एक डोळा बारीक, हातात नसलेला कॅमेरा. म्हणाला, हनुवटी खाली. डावा खांदा वर. अजून. हसू नकोस, हसलीस की डोळे मिटतात. बाईसाहेब, हा फोटो आहे, गंमत नाही.

मुलगी हसली. तोंड भरून, मान मागे टाकून, एक हात मामाच्या खांद्यावर. हुबेहूब फोटो.

नक्कल साफ फसलेली होती. मी डावा खांदा कधीच म्हणत नसे. उजवा.

एवढं मात्र सिद्ध झालं, की वाक्य माझंच होतं.

हसून झाल्यावर भोंग्याने नाक शिंकरलं. बराच वेळ. तेही दणदणीत.

१८ फेब्रुवारी

भोंग्याचा डोळा उघडला. भावनेचा प्रश्न नाही. तिच्या हाताला खालून आधार हवा. बांधकामाचा साधा नियम आहे. भिंत पाडण्याआधी ती कशाला धरून आहे ते बघायचं असतं.

माझा लेयर काढून टाकला. फ्रिज राहू दिला, कुकरही. फोटो तिरका होता तो सरळ करून पाहिला, तर दोघं पडल्यासारखी दिसायला लागली. पुन्हा तिरका केला. थोडक्यात, बरीच कामं करून फोटो मूळ अवस्थेत आणला.

फ्रेमवाला म्हणाला, साहेब, यात काय केलंत? मी म्हणालो, जाणकाराला दिसतं.

२२ फेब्रुवारी, संध्याकाळी

बायका आल्या. खुर्च्या पुरल्या. फोटोखाली चार फुलं ठेवली होती. मुख्याध्यापिका बाई फोटोसमोर उभ्या राहिल्या, डोळे पुसले, माझा हात धरला आणि हळू आवाजात म्हणाल्या, आणि हे केव्हा गेले हो? काही कळवलंसुद्धा नाही.

त्यांच्या मागे भोंगा चहाचा ट्रे घेऊन उभा. म्हणाला, बाई, अजून निघालो नाही, साखर किती घालू?

सगळी खोली हसली. वर्षभरात या खोलीत पहिल्यांदाच. बाई बिचाऱ्या तोंडाला पदर लावून बसल्या. सावरल्यावर मला म्हणाल्या, पण तुम्ही नाही का यात? मी तोंड उघडायच्या आत भोंगा म्हणाला, आहेत ना, त्यांनाच तर हसतेय.

मला बोलायचं होतं. सविस्तर. पण सगळे माझ्याकडे बघत होते, म्हणून चहा प्यायलो.

सगळे गेले. भिंतीवरची फ्रेम उजवीकडे थोडी कलली आहे, फ्रेमवाल्याचा निष्काळजीपणा. स्टूल आणून वर चढलो. सरळ करायला हात लावला, आणि तिचा चेहरा एकदम जवळ आला. तिचे डोळे खरंच मिटलेले आहेत.

बरोबर सांगत होतो मी. हसली की मिटतात.

फ्रेम आहे तशीच ठेवून उतरलो.