आबांच्या फोनवर दुसरी टिक

९ नोव्हें.
पिंपळगावला जाऊन आले. आबा जाऊन दिवाळीत वर्ष झालं. त्यांचा फोन अजून फोटोपुढं, चार्जिंगला लावलेला. दिवाबत्ती झाली की आई स्वतःच्या फोनवरून त्यांच्या नंबरवर बोलून पाठवते: मिरचीचा तोडा किती झाला, कोण येऊन गेलं. दोन टिका दिसल्या की मगच जेवते. त्यांचा फोन कुणी उघडत नाही.
आता एकच टिक येते. "त्यांना पोचंनाच झालंय गं."
उघडून पाहिला. ॲप बंद, अपडेट मागतंय. अपडेट दाबलं तर म्हणे हा फोन फार जुना. जालन्याला घेऊन आले.

११ नोव्हें.
ऑफिस सुटल्यावर स्टेशन रोडला, शेखमामूंच्या मोबाइलच्या दुकानात. "ताई, याचं अँड्रॉइडच जुनं. कंपनीनं बंद केलं, मी काय करू?" तरी कुठून तरी जुनं ॲप आणून बसवलं. बसलं, पण उघडलं की परत तेच, नवं घ्या. जुनं चालत नाही, नवं बसत नाही. आबांचंही शेवटी असंच झालं होतं, कुठलंच औषध लागू पडेना. दुकानात डोळे भरले. मामूंनी चहा मागवला.
"सिम दुसऱ्या मोबाइलात टाका. बिलकुल सोपं."

१२ नोव्हें.
आईला विचारलं. "नव्या फोनला त्यांचा हात लागलाय का? न्हाई, नको." काल जेवलीच नाही, शेजारच्या काकूंकडून कळलं. माझ्याशी बोलते ते "बरंय गं, ठेव" इतकंच. सगळं बोलणं आबांसाठी राखलेलं. वाईट वाटतं. हेवाही वाटतो, खरं सांगायचं तर.

१५ नोव्हें.
आबांचं सिम माझ्याजवळच्या दुसऱ्या फोनात घातलं. आईला न सांगता. ॲप सुरू झालं, अडकलेले निरोप धडाधड उतरले. सगळे तिच्या आवाजातले. एकही उघडला नाही.
लगेच तिचा फोन. "पोचले गं, समदे पोचले! मामूनं बराबर केला म्हणायचा." किती दिवसांनी हसली. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार

१६ नोव्हें.
आबांचा फोन परत नेऊन ठेवला, आत सिम नसलेला. आईनं पदरानं पुसला. मला जेवण गेलं नाही. पोटात दुखतंय म्हणाले.

२१ नोव्हें.
रोज संध्याकाळी माझ्या कपाटात तो फोन वाजतो. आज राहवलं नाही. शेवटचा निरोप ऐकला.
"अवं, चालताना छातीत कळ येऊन राह्यली. हात बी जड पडतो. पोरीला सांगत न्हाई, घाबरंल. तुमालाच सांगितलं."
गाडीवाल्याचा नंबर शोधायला लागले. तेवढ्यात तिचाच फोन. आवाज अगदी बारीक. "आज टिका निळ्या झाल्या गं. कवाच होत नव्हत्या. त्यांनी ऐकलं."
मी म्हटलं, आई, मी गाडी करून आत्ता येते. दवाखान्यात जायचंय.
ती म्हणाली, "त्यांनी सांगितलं तुला?"
मी तो दुसरा फोन कपाटात परत ठेवला. "ये," म्हणाली, "मी लुगडं बदलून बसते."
गाडीची वाट बघत लिहितेय. पोचल्यावर तिला काय सांगू, कुणी ऐकलं ते? गाडी आली.