गोदामामागचं पेव

३ मार्च
गोदामामागं पाण्याच्या टाकीसाठी खणताना शिळा लागली. सरकवली तर खाली पेव! जमिनीतलं कोठार, ज्वारीनं अजून भरलेलं. दाणा बारीक, लालसर. हे हरखलेत. पिढ्यान्‌पिढ्या आडत्याचा धंदा आमचा, पण असला दाणा बाजारात कधी आला नाही म्हणे. कुणी भरलं, आणि काढायला परत का आलं नाही?

४ मार्च
आत कुबट हवा, म्हणून तोंड उघडं ठेवलंय. माहेरी, दुधनीला, पेवं होती. आत उतरणाऱ्यानं मोठ्यानं दाण्याच्या पाट्या मोजायच्या, म्हणजे माणूस शुद्धीवर आहे हे वर कळतं. मोजणं थांबलं की दोर ओढायचा. ह्यांना बजावलं.
"लई भितेस की तू."
भितेच.

६ मार्च
कंदील सोडून बघितला, विझला नाही. हे उतरले. दोर गुरूभावजींच्या, धाकट्या दिरांच्या हातात. खालून आवाज: लाभ, दोन, तीन... पहिल्या पाटीला एक म्हणत नाहीत. पाट्या वर येत होत्या. मग येईनात. मोजणं मात्र चालूच.
"साकु!" माझ्या तोंडून माहेरची कानडी निघाली. "पुरे झालं, या वर." दोर ओढला.
हे वर आले. अंगभर लाल धूळ, तोंड मिटलेलं. आणि खाली मोजणं चालू. ह्यांच्याच आवाजात.
भावजींच्या हातून दोर सुटला.

७ मार्च
डॉक्टर म्हणाले, कोंदट हवा बाधली, बोलतील हळूहळू. जेवतात, फिरतात. माझ्याकडं परक्या बाईकडं बघावं तसं बघतात. गोड चहावरून रोज भांडणारा माणूस, आज निमूट प्यायला. रडू आलं मला.
दुपारी पेवाशी गेले. "अहो" म्हटलं. मोजणं थांबलं.
"दोर का सोडला ग?"

९ मार्च
भावजींनी पेव बुजवायला मुरमाचा ट्रॅक्टर आणला. मी आडवी आले.
"वहिनी, दादा हितं बसलाय की."
"मग खाली कोण?"
खुर्चीतला माणूस तेव्हा पहिल्यांदा बोलला.
"बुजवा."
आवाज ह्यांचा नव्हता. भावजींनीही ऐकला.
ट्रॅक्टर परत धाडला. उद्या सकाळी ह्यांना आणायला मी उतरणार. भावजी नको नको म्हणत होते, शेवटी तयार झाले. त्यांना सांगून ठेवलंय, मी वर आले की आधी मला बोलायला लावा. मगच घरात घ्या.