दुसऱ्या आवाजाला जागा

बोलोन्या, १० मार्च १७६३
पुन्हा तेच! माझी संगीतरचनेची वही मठातल्या पाद्रे सेराफिनोंनी तांबड्या शाईने रंगवली आणि त्या निनावी शिष्याचे कागद पुढे सरकवले. "उतरवून काढ. हात सुधारेल." दोन वर्षं मी या माणसाच्या नकला करतोय. नाव विचारलं की पाद्रे तपकीर ओढतात. "नाव कळून काय करणार, वकीलसाहेब? दावा लावणार?" — मी वकिलीचं शिक्षण अर्धवट सोडलं, याची त्यांना फार गंमत वाटते. आणि सुरांच्या ओळीच्या सुरुवातीला तो शहाणा काढतो ती खर्जाची खूण! मांजराने शेपूट वळवल्यासारखी. बघूनच डोकं फिरतं.

११ मार्च
इप्पोलिता वडिलांच्या वाद्यांच्या दुकानात, वाद्याच्या तारा छेडायला लागतात ती कावळ्याची पिसं तासत बसली होती. वर बघितलं. बहुतेक माझ्याकडेच.

१४ मार्च
बाबांचं पत्र. ईस्टरपर्यंत काही जमलं नाही तर इमोलाला परत ये, काकांच्या कचेरीत बस.
ठरवलं. इप्पोलितासाठी सुरांचं कोडं रचायचं. मी एकच ओळ लिहायची. तीच ओळ दुसऱ्या आवाजाने मागून कुठे उचलायची, ते तिने शोधायचं. उत्तर आलं तर इथेच राहीन. नाही आलं तर ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी कपड्यांची पेटी उचलून चालू लागेन. पुन्हा सूर लिहिणार नाही.

१५ मार्च
कोडं पाद्रेंना सापडलं. मीच वहीत विसरलो. चॉकलेटचा पेला (उपासात!) खाली ठेवून म्हणाले, "कुणासाठी रे?"
"अभ्यास आहे."
"अभ्यासात एवढे उसासे?" मग ओळीवर बोट फिरवलं. "दुसऱ्या आवाजाने शिरायचं कुठून, पोरा? तू थांबलायसच कुठे? आपला बोलत सुटलायस."
भांडलो. दार आपटून निघालो. टोपी आतच राहिली. परत गेलो तर म्हणतात, "आलास? बैस. आता चार मात्रा गप्प राहा, आणि मग लिही." बसलो. ओळीत चार मात्रांची जागा मोकळी सोडली.

१७ मार्च, गुरुवार
इप्पोलिताचे वडील, बासिनीमास्तर, मठातलं वाद्य लावायला आले. काखेत नेहमीची कागदांची गुंडाळी. निघताना पाद्रेंनी माझं कोडं सरळ त्यांच्याच हाती दिलं! "मुलीला द्या. याला घाई आहे."
मास्तरांनी मला खालीवर न्याहाळलं. "दिसतंय."

२४ मार्च
मास्तर आले नाहीत. सर्दी म्हणे.

२६ मार्च
पेटी भरली. वह्या ठेवायच्या की जाळायच्या?

२७ मार्च, झावळ्यांचा रविवार
निरोप घ्यायला गेलो. पाद्रे म्हणाले, "मास्तर सकाळी कागद देऊन गेलेत. जायच्या आधी एवढं पान उतरवून दे." शेवटच्या दिवशीही नक्कल! रागानेच उघडलं. तीच मांजराची शेपटी. पुढे माझी ओळ. तिच्याखाली दुसरा आवाज, मी गप्प राहिलो होतो नेमका तिथून निघालेला. आणि तळाशी: "शेवटाकडे एक सूर चुकला होता, सुधारलाय. पुढचं कधी पाठवता? — इप्पोलिता."
ती शेपटी तशी वाईट नाही.